चुंबकीय द्रव
चुंबकाकडे ओढला जाणारा स्थिर कलिल द्रव. वितळलेले लोह असा द्रव नव्हे, ते सु. ७७०° से. लाच, म्हणजे वितळण्याच्या कितीतरी आधी, आपले प्रबल चुंबकत्व गमावते. म्हणून घन चुंबकीय कणच द्रवात तरंगते ठेवावे लागतात. कण सु. १० नॅनोमीटर व्यासाचे असल्यास तळाशी बसत नाहीत आणि त्यांवर ओलेइक अम्लाचा लेप असल्यास एकमेकांना चिकटत नाहीत.

डब्ल्यू. सी. एल्मोर यांनी १९३८ मध्ये मॅग्नेटाइटाचे कलिल अवक्षेपणाने तयार केले होते. परंतु ते चुंबकीय रचनांच्या निरीक्षणापुरतेच राहिले. १९६३ मध्ये अमेरिकेतील नासाच्या तत्कालीन लूइस संशोधन केंद्रात स्टीफन पॅपेल यांना वजनरहित अवस्थेत रॉकेटचे इंधन चुंबकाने पंपाकडे ओढावयाचे होते. त्यांनी मॅग्नेटाइट ओलेइक अम्लासह गोळ्यांच्या चक्कीत अनेक दिवस दळले. इंधनाची योजना मागे पडली, द्रव मात्र टिकला. आर्. ई. रोझेनस्वाइग यांनी त्याच्या गतिकीचा पाया घातला.

दळण्याची पद्धत खर्चिकच होती. रीमर्स व खलफल्ला यांनी १९७० नंतरच्या दशकात अवक्षेपणाचाच मार्ग पुन्हा धरला. फेरिक व फेरस लवणांच्या २:१ प्रमाणातील विद्रावात अमोनिया घालताच काळा साका पडतो. ओलेइक अम्ल व केरोसीन यांसह तापविल्यावर कण पाणी सोडून केरोसिनात शिरतात. फेरस विद्राव मात्र ताजाच हवा. हवेने त्याचे ऑक्सिडीकरण होऊन प्रमाण बिघडते. आर्. मासार यांनी १९८१ मध्ये लेपाऐवजी कणांवरील विद्युत् भाराने हेच साधले. फिरत्या दंडांच्या निर्वात-रोधक जोडांत व ध्वनिक्षेपकांत हे द्रव वापरतात.