शाबितीचा भार : अमेरिकेतील जायबंदी सैनिकांच्या पेन्शन-अर्जांना लागणाऱ्या विलंबाचा इतिहास

युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकाच्या निर्वाहाची जबाबदारी सरकारची आहे, हे तत्त्व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत यादवी युद्धाच्या काळापासून सर्वमान्य झालेले आहे. तथापि तत्त्व मान्य होणे आणि रक्कम हाती पडणे यांच्या दरम्यान तेथील सैनिकाला अनेकदा वर्षानुवर्षे तिष्ठत राहावे लागले. या विलंबाचे कारण बहुधा कारकुनांची अपुरी संख्या, दप्तराची अव्यवस्था किंवा अधिकाऱ्यांची बेपर्वाई यांत शोधले जाते. ही कारणे खोटी नव्हत. परंतु १८६२ पासूनचे कायदे क्रमाने वाचले असता असे दिसते की, विलंबाचे एक मूळ याहून खोल आहे. कायदा अर्जदाराला जो प्रश्न विचारतो, त्या प्रश्नाच्या शब्दरचनेतच ते दडलेले आहे.

१४ जुलै १८६२ च्या कायद्याने संघराज्याच्या बाजूने लढणाऱ्या सैनिकांसाठी पेन्शनची सर्वसाधारण व्यवस्था केली. पूर्णतः अपंग झालेल्या साध्या शिपायास दरमहा ८ डॉलर मिळावयाचे होते. अट एवढीच की, अपंगत्व ‘कर्तव्य बजावीत असताना’ आलेले असावे. ही अट वरकरणी रास्त वाटते. गोळीने तुटलेल्या हाताच्या बाबतीत ती पुरी करणे फारसे अवघडही नव्हते. परंतु त्या युद्धात शस्त्रांपेक्षा रोगांनीच अधिक सैनिक दगावले, आणि जे जगले त्यांपैकी असंख्यांनी संधिवात, हिवताप, जुनाट अतिसार यांसारखी दुखणी घरी आणली. दहा वर्षांनंतर आखडलेला गुडघा छावणीतील ओल्या जमिनीमुळे आखडला की शेतातील कष्टांमुळे, हे त्या गुडघ्याकडे पाहून कोणत्याही वैद्याला सांगता येत नसे. म्हणून अर्जदाराने आपल्या अधिकाऱ्याची वा सोबत्यांची प्रतिज्ञापत्रे आणावी, वैद्याचा दाखला जोडावा, युद्धखात्याच्या दप्तरातील नोंदींशी त्यांचा मेळ बसावा आणि पुन्हा सरकारनियुक्त वैद्याकडून तपासणी व्हावी, असा क्रम पडला. सोबती देशभर पांगलेले, पलटणीचा वैद्य कदाचित मृत, छावणीच्या रुग्णालयातील नोंदी अपुऱ्या. अशा स्थितीत एकेका कागदासाठी महिने जात.

यावर सरकारने प्रथम योजलेला उपाय म्हणजे यंत्रणेची वाढ. १८७९ च्या थकबाकीविषयक कायद्याने मंजूर पेन्शन लष्करातून मुक्त झाल्याच्या दिवसापासून हिशेबून देण्याचे ठरविले, आणि अर्जांचा लोंढा सुरू झाला. वॉशिंग्टनमध्ये १८८२ ते १८८७ या काळात पेन्शन-कचेरीसाठी माँटगोमेरी मेग्ज यांच्या आराखड्यानुसार एक अवाढव्य इमारत उभी राहिली. तीत कागदपत्रे वाहून नेण्यासाठी रुळांचीही सोय होती. युद्धखात्याचे पेन्शनविषयक दप्तर मात्र १८६५ मध्ये लिंकन यांची हत्या जेथे झाली त्या फोर्ड नाट्यगृहाच्या इमारतीत होते. ९ जून १८९३ रोजी त्या इमारतीचा अंतर्भाग कोसळून २२ कारकून ठार झाले. यंत्रणेवरील भार केवळ अलंकारिक नव्हता, याचे हे दारुण उदाहरण होय.

ज्यांचा अर्ज कचेरीत अडे किंवा नामंजूर होई, त्यांना आणखी एक वाट होती. अमेरिकन काँग्रेसच्या सदस्याकरवी केवळ आपल्या एकट्याच्या पेन्शनसाठी खास विधेयक संमत करून घेणे, ही ती वाट. अशी विधेयके इतकी वाढली की, अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी १८८५ ते १८८९ या पहिल्या कारकीर्दीत त्यांपैकी दोनशेहून अधिक नाकारली. वकिलांनी सैनिकांना लुबाडू नये म्हणून त्यांच्या मेहनतान्यावर यादवी युद्धाच्या काळातच १० डॉलरची मर्यादा घातली गेली होती. हेतू चांगला होता. परंतु ही मर्यादा १९८८ पर्यंत टिकली, आणि तोवर त्या रकमेत गुंतागुंतीचा दावा चालविण्यास वकील मिळणे दुरापास्त होऊन बसले होते.

ज्यांच्यापाशी मुळात कागदच नव्हते त्यांची स्थिती सर्वांत बिकट झाली. गुलामगिरीत जन्मलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांचे जन्म आणि विवाह कोठेही नोंदलेले नसत. कित्येकांची नावेही सैन्यात शिरताना व नंतर वेगवेगळी पडली. हॅरिएट टबमन हिची कथा प्रसिद्ध आहे. दक्षिण कॅरोलायनात तिने संघराज्याच्या सैन्यासाठी परिचारिका, टेहळी आणि हेर म्हणून काम केले होते. पती नेल्सन डेव्हिस १८८८ मध्ये वारल्यावर तिने विधवेच्या पेन्शनसाठी अर्ज केला. परंतु तो सैन्यात नेल्सन चार्ल्स या नावाने दाखल झाला होता, आणि दोन्ही नावांचा मनुष्य एकच, हे तिला सिद्ध करावे लागले. १८९५ मध्ये तिला दरमहा ८ डॉलर मंजूर झाले. १८९९ मध्ये काँग्रेसने खास कायद्याने ती रक्कम २० डॉलर केली. तीही विधवा-पेन्शनमधील वाढ म्हणून. युद्ध संपून तेव्हा चौतीस वर्षे लोटली होती.

खरा बदल घडविला तो २७ जून १८९० च्या कायद्याने. या कायद्याने कारणाचा प्रश्नच वगळला. नव्वद दिवसांची सेवा, सन्मानाने झालेली मुक्तता आणि अंगमेहनतीचे काम करण्याची असमर्थता एवढे दाखविले की पुरे. दुर्व्यसनातून आलेले नसले म्हणजे अपंगत्व युद्धातलेच असावे असे बंधन उरले नाही. १८९३ पर्यंत पेन्शनधारकांची संख्या सुमारे ९ लक्ष ६६ हजारांवर गेली आणि संघराज्याच्या उत्पन्नाचा जवळजवळ दोन पंचमांश भाग पेन्शनवर खर्च होऊ लागला. या उधळपट्टीवर त्या काळी कठोर टीका झाली, आणि तीत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. मात्र वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा साक्षीदार शोधण्याचे संकट अर्जदारापुरते टळले, हेही तितकेच खरे.

विसाव्या शतकात हाच क्रम पुन्हा दिसतो. पहिल्या महायुद्धानंतर क्षयरोग व मानसिक विकार यांच्या बाबतीत कारण सिद्ध करणे अशक्यप्राय ठरले, तेव्हा १९२१ पासून कायद्याने ठराविक मुदतीत उद्‌भवलेले हे रोग सेवेमुळेच झाले असे गृहीत धरण्यास प्रारंभ केला. येथून ‘गृहीतक’ ही कल्पना पेन्शनच्या कायद्यात रुजली. गृहीतक म्हणजे औदार्य नव्हे. शाबितीचा भार सैनिकाच्या खांद्यावरून उतरवून सरकारकडे देणे होय. जे कायद्याने दिले ते कायद्याने परतही घेता येते, हे मंदीच्या काळात १९३३ च्या काटकसरीच्या कायद्याने दाखवून दिले. त्यात पूर्वीच्या सवलती रद्द होऊन गृहीतकावर आधारलेली प्रकरणे पुन्हा तपासणीस निघाली.

व्हिएतनाममध्ये १९६२ ते १९७१ या काळात ‘एजंट ऑरेंज’ व तत्सम वनस्पतिनाशके फवारली गेली. कोणत्या सैनिकावर कोठे व किती विष पडले, हे त्याने वैयक्तिकरीत्या सिद्ध करणे असंभव होते. गृहीतकाचा कायदा आला तो १९९१ मध्ये, फवारणी थांबल्यानंतर वीस वर्षांनी. त्यानंतरही वाद उरला तो ‘व्हिएतनाम प्रजासत्ताकात सेवा केलेला’ या शब्दांचा. किनाऱ्याजवळच्या युद्धनौकेवर असलेला नाविक ‘व्हिएतनामात’ होता की नाही? भूमीवर पाऊल ठेवले असले पाहिजे, हा सरकारी अर्थ २००८ मध्ये न्यायालयाने उचलून धरला. २०१९ च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने तो फिरविला आणि त्याच वर्षी कायदाही बदलला. एका अधिकरणवाचक शब्दयोगाच्या अर्थासाठी वृद्ध नाविकांची उरलीसुरली वर्षे खर्ची पडली.

येथे एक आक्षेप विचारात घेणे अवश्य आहे. गृहीतके वाढली की अर्जही वाढतात, मग विलंब घटला कोठे? २०१० मध्ये एजंट ऑरेंजशी संबंधित रोगांत हृद्‌रोगाच्या एका प्रकाराची व पार्किन्सन रोगाची भर पडली. मार्च २०१३ मध्ये १२५ दिवसांहून अधिक काळ पडून असलेले अर्ज सुमारे ६ लक्ष ११ हजार होते. परंतु संगणकीय दप्तर आणि कर्मचाऱ्यांचे सक्तीचे जादा काम यांच्या बळावर २०१५ मध्ये हीच संख्या एक लक्षाच्या खाली आली. म्हणजे विलंब दोन प्रकारचा असतो. रांगेचा विलंब माणसे व यंत्रे वाढवून कमी होतो. शाबितीचा विलंब त्याने कमी होत नाही, कारण जो पुरावा अस्तित्वातच नाही तो कितीही कारकून नेमले तरी सापडत नाही. इराक व अफगाणिस्तानातील तळांवर उघड्या खड्ड्यांत जाळलेल्या कचऱ्याच्या धुरासंबंधी ऑगस्ट २०२२ मध्ये झालेला कायदाही अखेर गृहीतकाकडेच वळला.

भारतातही हा प्रश्न परका नाही. अपंगत्व लष्करी सेवेमुळे उद्‌भवले किंवा बळावले काय, हा १९८२ च्या नियमांतील कळीचा प्रश्न होता. धरमवीर सिंग विरुद्ध भारतीय संघराज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये असा निर्णय दिला की, भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल तर सैनिक तेव्हा निरोगी होता असे धरावे आणि शाबितीचा भार त्याच्यावर टाकू नये. त्या सैनिकाची सेवा १९९४ मध्ये संपली होती. नियमांत असलेल्याच शब्दांचा अर्थ निश्चित होण्यास एकोणीस वर्षे लागली. २०२३ मध्ये नवे नियम आले. त्यांतील शब्दही याच दृष्टीने वाचले गेले पाहिजेत.

अमेरिकेत अर्ज प्रलंबित असता सैनिक निवर्तला तर त्याचा अर्जही त्याच्याबरोबर संपुष्टात येई आणि वारसाला नव्याने आरंभ करावा लागे. मृताच्या जागी वारसाने तोच अर्ज पुढे चालवावा, ही मुभा २००८ च्या कायद्याने दिली. अर्जदार निकालापर्यंत जगेलच असे नाही, हे कायद्याने त्या दिवशी मान्य केले. अर्जदाराच्या हयातीत निकाल लागावा असे खरोखर वाटत असेल, तर कचेरीच्या कार्यक्षमतेइतकेच अर्जातील प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला आहे आणि त्याचे उत्तर शाबीत करण्याची जबाबदारी कोणावर ठेवली आहे, इकडे लक्ष पुरवावे लागेल.