मधला खंड : सांधा की गाभा?

त्रिखंडी अद्भुतकथेच्या मधल्या खंडाविषयी एक समज रूढ आहे. पहिल्या खंडाजवळ आरंभाचे कुतूहल असते, तिसऱ्याजवळ शेवटाचे समाधान. मधल्याच्या वाट्याला येते ती नुसती पायपीट. वर्गात शिकवताना आम्हीही मधल्या खंडाचा सारांश सांगून पुढे सरकलो आहोत. परंतु या दोषाचा इतिहास पाहू लागलो, तेव्हा तो जितका वाङ्मयीन आहे तितकाच प्रकाशनव्यवहाराचाही आहे, हे ध्यानात आले.

जे. आर. आर. टोल्कीन यांचे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मुळात त्रयी नव्हतेच. १९३७ ते १९४९ या काळात लिहिलेली, सहा भागांत विभागलेली ती एकच कथा होती. युद्धोत्तर इंग्लंडमध्ये कागद महाग होता आणि एवढा अवाढव्य ग्रंथ एकदम काढणे ‘ॲलन अँड अन्विन’ या प्रकाशनसंस्थेला जोखमीचे वाटत होते. म्हणून त्याचे तीन खंड झाले. पहिला जुलै १९५४ मध्ये निघाला, दुसरा, म्हणजे ‘द टू टॉवर्स’, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आणि तिसरा ऑक्टोबर १९५५ मध्ये. मधल्या खंडाच्या नावातच ही तडजोड दिसते. शीर्षकातले दोन मनोरे नेमके कोणते, याविषयी खुद्द लेखकाचे मत स्थिर नव्हते.

या विभागणीचे व्रण कथेवरही आहेत. खंडाच्या पूर्वार्धात ॲरागॉर्न आणि त्याचे सोबती, रोहनचे राज्य व सारुमानशी युद्ध. फ्रोडो आणि सॅम तेथे नाहीतच. उत्तरार्धात हे दोघेच, आणि सोबत गॉलम. दोन्ही धागे खंडात कोठेही एकत्र येत नाहीत. फ्रोडो शत्रूच्या हाती जिवंत सापडतो आणि खंड संपतो. पहिल्या वाचकांना पुढे काय झाले हे कळायला अकरा महिने लागले. या खंडाला स्वतंत्र आरंभ नाही आणि स्वतंत्र शेवटही नाही.

तरीही ग्रंथाचा नैतिक गाभा आम्हांला याच खंडात सापडतो. किरिथ उंगोलच्या पायऱ्यांवर फ्रोडो आणि सॅम झोपलेले असतात. घाताचा बेत आखून परतलेला गॉलम त्यांना पाहतो, क्षणभर विरघळतो आणि थरथरत्या हाताने फ्रोडोच्या गुडघ्याला स्पर्श करतो. सॅम जागा होऊन त्याच्यावर खेकसतो, आणि पश्चात्तापाची ती वेळ कायमची निघून जाते. टोल्कीन यांनी पुढे एका पत्रात हाच कथेतला सर्वांत शोकात्म क्षण मानला. पहिल्या खंडात हा क्षण शक्य नव्हता. तिसऱ्यात त्याला उसंत मिळाली नसती. आरंभाची उत्सुकता ओसरलेली आणि शेवटाची घाई अजून न लागलेली, अशा जागीच माणसाचे मन असे दिसू शकते.

अर्सुला ले ग्विन यांनी हीच जागा वेगळ्या रीतीने वापरली. ‘अर्थसी’ मालिकेतील ‘द टूम्ब्ज ऑफ ॲटुआन’ (१९७१) हे दुसरे पुस्तक पहिल्याचा नायक गेड याला बराच काळ दूर ठेवते. पाचव्या वर्षी घरापासून तोडलेली आणि स्वतःचे नावही हिरावले गेलेली टेनार ही मुलगी येथे केंद्रस्थानी आहे. पहिल्या पुस्तकातील मोकळ्या समुद्राऐवजी भुयारांचा काळोख आहे. गेडच्या ओढीने आलेला वाचक प्रारंभी बिचकतो, हा त्याचा तोटा. पण टेनारची मुक्ती या पुस्तकातच पुरी होते. तिसऱ्याची वाट पाहावी लागत नाही. १९९० मध्ये ले ग्विन चौथ्या पुस्तकासाठी अर्थसीकडे परतल्या, तेव्हा त्यांनी केंद्रस्थानी पुन्हा टेनारलाच ठेवले.

तात्पर्य, मधल्या खंडाचे दौर्बल्य त्याच्या स्थानात नाही. त्याला केवळ सांधा मानले की तो रेंगाळतो. त्याच्याकडे स्वतःचे माणूस आणि स्वतःचा पेच असला की तोच गाभा ठरतो. गॉलमचा तो क्षण कोणत्याही सारांशात मावत नाही. आमच्या वर्गातून तो इतकी वर्षे निसटत राहिला, याची चूक टोल्कीन यांच्या प्रकाशकाची खचितच नव्हती.