मराठी ख्रिस्ती शब्दसंपत्ती : निवड आणि अधिकार

एखादा धर्म नव्या भाषेत प्रवेश करतो तेव्हा त्या भाषेत देवाला कोणते नाव मिळाले, याकडे अभ्यासकांचे लक्ष प्रथम जाते. परंतु श्रद्धावंताचे नित्याचे जीवन केवळ देवनामावर चालत नाही. योग्य-अयोग्य कशाला म्हणावे, उपासक समाजाने एकत्र कसे नांदावे, राजसत्तेपुढे कसे वागावे आणि वर्षातील कोणते दिवस पवित्र मानावे, या चार व्यवहारांत त्याची श्रद्धा प्रत्यक्षात उतरते. या चारही व्यवहारांना शब्द लागतात. मराठी ख्रिस्ती परंपरेत हे शब्द कसे आले, याचा शोध घेतला असता असे दिसते की, शब्द संस्कृत असावा, देशी असावा की परका असावा, हा वाद नेहमीच दुय्यम राहिला. शब्द निवडण्याचा अधिकार कोणाचा, हा खरा प्रश्न होता. चार शतकांच्या अवधीत हा अधिकार परदेशी धर्मोपदेशकांकडून मराठी ख्रिस्ती समाजाकडे क्रमाक्रमाने आला. त्या संक्रमणाचा आलेख शब्दांच्या इतिहासात स्पष्ट उमटलेला आहे.

या इतिहासाचा आरंभ गोव्यात होतो. १५७९ मध्ये गोव्यास आलेला इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स याने आपल्या आयुष्याचा मोठा भाग साष्टी प्रांतात घालविला. त्याचा ‘क्रिस्तपुराण’ हा सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. ग्रंथाच्या आरंभी नव्या ख्रिस्तींपैकी एक जण पाद्रीकडे अशी मागणी करतो की, जुनी पुराणे बंद झाली, तर त्यांच्या जागी आम्हांस दुसरे पुराण द्यावे. ही मागणी कविकल्पित असो वा नसो, तिच्यामागील परिस्थिती वास्तव होती. साष्टीतील देवळे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाडली गेली होती, १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायपीठ बसले होते आणि जुन्या धर्मग्रंथांवर बंदी होती. ज्या सत्तेने पुराणे हिरावून घेतली, तिच्याच आश्रयाने पुराणाच्या घाटाचा नवा ग्रंथ निर्माण झाला.

स्टीफन्सने ख्रिस्ती स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले, तारणासाठी ‘मोक्ष’ हा शब्द स्वीकारला आणि ओवीचा छंद घेतला. याउलट उपासनेच्या बाह्य व्यवस्थेशी निगडित असलेले शब्द पोर्तुगीजमधून आले. ‘पाद्री’, ‘क्रूस’ आणि ‘नाताळ’ हे त्यांपैकी मराठीत स्थिरावलेले शब्द होत. म्हणजे अंतरंगाचे शब्द देशी आणि संस्थेचे शब्द परके, अशी विभागणी येथे झालेली दिसते. संस्थेवर ज्यांची सत्ता होती त्यांच्या भाषेची मुद्रा संस्थेच्या शब्दांवर उमटावी, हे स्वाभाविकच होय. पुढे १६८४ मध्ये व्हाइसरॉयने स्थानिक भाषेचा वापर सोडून पोर्तुगीज बोलण्याचा आदेश काढला. तथापि गोव्यातून कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ‘क्रिस्तपुराण’ बरोबर नेले आणि हस्तलिखितांच्या रूपाने ते जपले. १९०७ मध्ये मंगळूर येथे ते पुन्हा छापले गेले, ते या जतनामुळेच. राजाज्ञेला जे साधले नाही ते वाचक-श्रोत्यांच्या आवडीने साधले, याचे हे पहिले ठळक उदाहरण.

दुसरा प्रवाह बंगालमधील श्रीरामपूर येथून निघतो. विल्यम केरी याने पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने १८०५ मध्ये मराठी व्याकरण आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाचे भाषांतर प्रसिद्ध केले. १८१० मध्ये त्याचा मराठी कोश निघाला. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईस पोहोचले आणि १८३१ पासून अहमदनगर हे त्यांचे प्रमुख केंद्र झाले. या काळातील भाषांतरांत मिशनरी आणि त्यांचे पंडित यांनी मिळून घडविलेल्या शब्दांचा विचार केला, तर तीन तऱ्हा आढळतात. पहिली तऱ्हा रूढ शब्दाला नवा अर्थ देण्याची. उपासक समाजासाठी ‘मंडळी’ हा शब्द आला. घरची मंडळी, गावची मंडळी, भजनाची मंडळी असा त्याचा सहज वापर असल्याने तो कधीच परका वाटला नाही. दुसरी तऱ्हा नवा शब्द घडविण्याची. ‘क्रूस’ शब्द उपलब्ध असूनही ‘वधस्तंभ’ हा समास बनविला गेला. यहुद्यांच्या सणासाठी ‘ओलांडणे’ या क्रियापदाशी नाते सांगणारा ‘वल्हांडण’ हा शब्द योजला गेला. तिसरी तऱ्हा मूळ शब्द उचलण्याची. ‘बाप्तिस्मा’ आणि ‘शब्बाथ’ ही तिची उदाहरणे.

नीतीच्या क्षेत्रात मात्र शब्दयोजना एवढी सुकर नव्हती, कारण तेथे समाजाचे स्वतःचे शब्द आधीच उभे होते. ख्रिस्ती मंडळी ज्या घटनेला ‘बाप्तिस्मा घेणे’ म्हणत, तिलाच भोवतालचा समाज ‘बाटणे’ म्हणत असे. एक शब्द नव्या जन्माची भावना व्यक्त करतो, दुसरा विटाळाची. या दोन शब्दांमधील अंतर केवढे होते, याची साक्ष १८४३ मधील मुंबईच्या शेषाद्री प्रकरणात मिळते. नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा मिशनरींकडे राहत होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे, असा पक्ष बाळशास्त्री जांभेकर यांनी घेतला आणि त्यावरून ब्राह्मणवर्गात मोठी खळबळ उडाली. ‘प्रायश्चित्त’ या शब्दाची व्याप्ती कोठवर, हा येथे शास्त्रार्थाचा विषय होता. पण त्याच्यावर एका मुलाचे घर अवलंबून होते. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क अबाधित ठेवला. कायद्याने मालमत्तेचा प्रश्न सोडविला, ‘बाटणे’ या शब्दाचा नाही.

बाबा पदमनजी यांचे कार्य या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘यमुनापर्यटन’ या त्यांच्या कथेत विधवांच्या दुःस्थितीचे चित्रण आहे. ख्रिस्ती नीती सिद्धांताच्या भाषेत न मांडता त्यांनी ती केशवपन, सासुरवास आणि वैधव्य यांच्या परिचित शब्दांतून मांडली. १८४२ मध्ये अहमदनगरास सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकानेही धर्मविचाराबरोबर लोकशिक्षण आणि सामाजिक प्रश्न यांना स्थान दिले. येथे मराठी ख्रिस्ती माणूस भाषांतरकाराचा साहाय्यक राहिलेला नाही; तो स्वतः लेखक झाला आहे.

शब्दाच्या अधिकाराचा प्रश्न सर्वांत तीव्रपणे पंडिता रमाबाई यांच्या चरित्रात उपस्थित होतो. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तेथील धर्मभगिनी सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात त्रैक्यासारख्या सिद्धांतापासून आहारापर्यंत अनेक विषयांवर त्यांनी आपले स्वतंत्र मत नोंदविले आहे. क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत शब्द असावेत, असा आग्रह त्यांनी धरला. लॅटिनमध्ये संस्कृतहून अधिक पवित्र असे काही असल्याचे त्या मानीत नव्हत्या. पुढे केडगाव येथील मुक्तिसदनात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचे अध्ययन करून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले. १९२२ मध्ये, मृत्यूपूर्वी, त्यांनी ते पूर्ण केले आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. या भाषांतरात मात्र त्यांनी संस्कृतप्रचुर आणि वेदान्ताची छाया असलेले शब्द कटाक्षाने टाळले.

वरवर पाहता येथे विसंगती दिसते. जी विदुषी क्रूसावर संस्कृत मागते, तीच बायबलातून संस्कृत काढून टाकते. परंतु दोन्ही प्रसंगी समोर कोण होते, हे लक्षात घेतले की विसंगती उरत नाही. इंग्लंडमध्ये समोर एक परदेशी धर्मसंस्था होती. तिच्यापुढे संस्कृतचा आग्रह म्हणजे समानतेचा आग्रह होता. केडगावात समोर दुष्काळातून वाचविलेल्या, शिक्षणाची संधी न मिळालेल्या स्त्रिया होत्या. त्यांच्यापुढे संस्कृत हीच एक भिंत झाली असती. शिवाय ज्या शास्त्रभाषेने स्त्रियांना दूर ठेवले, तिचे संस्कार नव्या ग्रंथात येऊ नयेत, ही त्यांची दृष्टी होती. दोन्ही वेळा निर्णय त्यांचा स्वतःचा होता आणि दोन्ही वेळा तो दुबळ्या पक्षाच्या बाजूने होता. राजकारणातही त्यांची हीच भूमिका आढळते. १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनास त्या प्रतिनिधी म्हणून उपस्थित होत्या; १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात जाहीर तक्रार केली. राज्यकर्त्यांचा धर्म आपलाच आहे, ही गोष्ट त्यांना मौन पाळण्यास पुरेशी वाटली नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी याच प्रश्नाला निराळे उत्तर दिले. १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतल्यावर अहमदनगर ही त्यांची कर्मभूमी झाली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. रमाबाईंना जी शब्दपरंपरा अडसर वाटली, तिच्यातील भक्तीची वाट टिळकांनी आपली मानली. अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन ही त्यांची साधने होती. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाई टिळकांनी पूर्ण केले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला; त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून स्थान होते. ‘मिशन’ या शब्दात पाठविणारा आणि ज्याच्याकडे पाठविले तो, असा भेद अनुस्यूत आहे. ‘मंडळी’ या शब्दाला सभासदत्वाची मर्यादा पडली होती. ‘दरबार’ या शब्दाने टिळकांनी हे दोन्ही ओलांडले. दरबारात एकच अधिपती आणि बाकी सारे त्याचे मानकरी. देशप्रेम हा ख्रिस्तभक्तीचाच भाग होय, ही त्यांची धारणा याच विचारातून आलेली आहे. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि दरबाराची संघटना फार काळ टिकली नाही. त्यांची गीते मात्र ‘उपासना संगीता’त समाविष्ट होऊन आजही मराठी मंडळ्यांत गायली जातात.

सणांच्या शब्दांचा इतिहास या तिन्ही प्रवाहांचा संगम दाखवितो. ‘नाताळ’ हा पोर्तुगीज शब्द मराठीने असा आत्मसात केला की त्याचे मूळ सांगावे लागते. त्याच्या शेवटचा ‘ळ’ ही तर मराठीने त्याला दिलेली सनदच होय. ‘झावळ्यांचा रविवार’ या नावात पॅलेस्टाईनच्या खजुरीची जागा कोकणच्या परिचित झाडांनी घेतलेली आहे. रविवारचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. ख्रिस्ती राज्यकर्त्यांच्या कचेऱ्या रविवारी बंद असत, पण मुंबईच्या गिरणीकामगाराला हा विसावा नव्हता. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून त्यासाठी चळवळ केली आणि १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. कामगारांतील बहुसंख्य ज्या मराठा-कुणबी समाजांतून आले होते, त्यांच्या दृष्टीने रविवार हा खंडोबाचा वार होता. एकच दिवस एकाला प्रभूचा, दुसऱ्याला खंडोबाचा. विसाव्याचा नैतिक हक्क मात्र दोघांचा समान. ज्या सत्तेच्या धर्मात विसाव्याची आज्ञा आहे, तिच्या राज्यात ती मिळविण्यासाठी कामगारांना अर्ज करावे लागले, ही बाब नीतीच्या इतिहासात नोंदविण्यासारखी आहे.

वसईच्या ख्रिस्ती समाजात हे संक्रमण उशिरा झाले. तेथील पोर्तुगीज सत्ता १७३९ मध्ये मराठ्यांनी संपुष्टात आणली, तरी मिस्साची भाषा पुढे सव्वादोन शतके लॅटिनच राहिली. घरात सामवेदी वा वाडवळी बोली, शाळेत मराठी आणि वेदीपुढे लॅटिन, अशी भाषिक विभागणी पिढ्यान्‌पिढ्या चालली. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने लोकभाषेतील उपासनेस मान्यता दिली, तेव्हा वेदीवर मराठी आली. त्याचा परिणाम उपासनेपुरता मर्यादित राहिला नाही. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या लेखनात आणि हरित वसईच्या चळवळीत ख्रिस्ती नीतीची भाषा पाणी, शेती आणि जमीन यांच्याविषयी बोलू लागली. २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीला काही गोटांतून विरोध झाला. ‘बाटणे’ या शब्दामागील वृत्ती शब्द मागे पडल्यावरही पुरती नाहीशी होत नाही, याची ती खूण होती. संमेलन त्यांच्याच अध्यक्षतेखाली भरले, ही त्याहून मोठी.

या सर्व विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, ख्रिस्ती मराठीचे वर्गीकरण ‘संस्कृतनिष्ठ’ आणि ‘देशी’ अशा कोटींत करणे अपुरे आहे. स्टीफन्स आणि टिळक यांनी एकाच भक्तिपरंपरेचे शब्द वापरले, पण पहिल्याच्या मागे राजसत्ता होती आणि दुसऱ्याने मिशनचा आश्रयही सोडला होता. दुसरी अशी की, रमाबाई आणि टिळक यांची उत्तरे परस्परविरुद्ध असूनही दोन्ही मराठी आहेत, कारण ती मराठी माणसांनी आपल्या लोकांकडे पाहून दिली. कोणत्याही समाजाची श्रद्धा त्याच्या भाषेत रुजली की नाही हे ठरविताना, ग्रंथात कोणते शब्द आले एवढेच पाहून भागणार नाही. ते बदलण्याचा अधिकार त्या समाजाच्या हाती आला होता काय, हेही अभ्यासकाने तपासले पाहिजे.