रानकोंबड्याचें पीस व पाश्चात्यांची ‘माशी’

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका संग्राहक स्नेह्यांनीं जुन्या बंगल्यांतील रद्दीबरोबर विकत घेतलेला कागदांचा एक गठ्ठा आम्हांकडे वाचावयास पाठविला. कागद बहुतेक हिशेबाचे होते व त्यांत टिपून घेण्याजोगें कांहीं निघालें नाहीं. परंतु तळाशीं एक चपटी पत्र्याची डबी होती. तींत लहान लहान गळ, व प्रत्येकावर बारीक रेशमी दोऱ्यानें बांधलेलीं रंगीबेरंगी पिसें. शिवाय कांहीं सुटीं पिसें कागदाच्या चिठ्ठ्यांत गुंडाळलेलीं होतीं. एका चिठ्ठीवर इंग्रजींत ‘भारतीय कावळा’ या अर्थाचे शब्द, आणि आंत नारिंगी-तांबडें पीस! असा कावळा आमच्या पाहण्यांत नाहीं. संस्कृत कोशांतील काकाचे पर्याय चाळून आम्हीं दोन दिवस घालविले, पण तांबडा कावळा कोठेंच भेटला नाहीं. प्रस्तुत टिपण त्या शोधांतून निघालें आहे.

पाश्चात्य देशांत मासे धरणारे हौशी लोक गळास जिवंत आमिष न लावतां पीस, लोकर, रेशीम व जर यांची कृत्रिम माशी बांधून लावितात. हा प्रकार फार जुना आहे. इ. स. पहिल्या शतकांतील लॅटिन कवि मार्शल याच्या एका सूक्तांत मासा ‘मुस्का’ला, म्हणजे माशीला, फसतो कीं ‘मुस्को’ला, म्हणजे शेवाळाला, असा पाठभेद आहे, व एका स्वरावर या विद्येचें वय शंभर वर्षांनीं मागेंपुढें होतें. निःसंदिग्ध पुरावा त्यानंतरचा, ईलियन या ग्रंथकाराचा. इ. स. २०० च्या सुमारास प्राण्यांच्या स्वभावावरील ग्रीक ग्रंथांत तो मॅसिडोनियांतील आस्ट्रेयस नदीचें वर्णन करितो. तेथील ठिपक्यांचे मासे पाण्यावर उडणारी एक माशी खातात. पण ती माशी मनुष्याच्या हातीं लागतांच तिचा रंग जातो व पंख कोमेजतात, म्हणून ती आमिषास निरुपयोगी. यास्तव कोळी गळाभोंवतीं तांबडी लोकर गुंडाळून तीवर कोंबड्याच्या गळ्याखालील मेणाच्या रंगाचीं दोन पिसें बसवितात. काठी सहा फूट व दोरीही तितकीच. इतकें नेमकें वर्णन त्या काळच्या ग्रंथांत क्वचितच मिळतें.

आमच्याकडे गळाची विद्या नव्हती असें नाहीं. अमरानें बडिश व मत्स्यवेधन हे शब्द दिले आहेत. कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वरानें इ. स. ११३० च्या सुमारास रचिलेल्या मानसोल्लासांत मत्स्यविनोदाचें स्वतंत्र प्रकरणच आहे. माशांचे भेद, काठी, दोरी, गळ, आणि कोणत्या माशास कोणतें खाद्य द्यावें हें सर्व त्यांत आहे. पिसांच्या माशीचा मात्र आम्हांस त्यांत मागमूस लागला नाहीं.

इंग्लंडांत या विषयावरील पहिला छापील ग्रंथ १४९६ सालीं विंकिन द वर्ड यानें वेस्टमिन्स्टर येथें छापिला. त्यांत बारा माशांची कृति महिनावारीनें दिली आहे. तो डेम जूलियाना बर्नर्स हिच्या नांवावर मोडतो. तथापि त्यास सबळ पुरावा नाहीं. स्पेनमध्यें आस्टोर्गा येथें १६२४ सालीं हुआन द बेर्गारा यानें लिहिलेली एक पोथी होती. तींत कोणत्या माशीस कोणत्या कोंबड्याचें कोणतें पीस, हें बारकाईनें नमूद केलें आहे. विसाव्या शतकांत ती राज्यप्रमुखास नजर करण्यांत आली, व मूळ पोथी तेव्हांपासून नाहींशी झाली. आज जें हातीं आहे तें नकलांवरून. पोथ्या नजराणा म्हणून देणाऱ्यांविषयीं आमचें मत वाचकांस ठाऊकच आहे.

एकोणिसाव्या शतकांत या विद्येनें निराळेंच वळण घेतलें. सॅमन नांवाचा मासा अंडीं घालण्यास समुद्रांतून नदींत चढतो तेव्हां तो अन्न जवळजवळ खात नाहीं. मग तो माशीला कां झोंबतो याचा निर्णय अद्याप झालेला नाहीं. त्यामुळें खऱ्या कीटकाशीं साम्य राखण्याचें बंधनच सुटलें, व कारागिरांनीं मनसोक्त रंग भरले. विल्यम ब्लॅकर व पुढें १८९५ सालीं जॉर्ज केल्सन यांचे ग्रंथ या रंगेल माशांचे आहेत. त्यांची कृति नाजूक. मेण लावलेल्या रेशमी दोऱ्याचे वेढे गळाच्या दांड्यावर देत प्रथम शेपटी, मग धड व त्यावर जरीची तार, मग पंख बसवावयाचे. पंखासाठीं निरनिराळ्या पक्ष्यांच्या पिसांचे तंतु शेजारीं ठेवून बोटांनीं कुरवाळले कीं त्यांवरील सूक्ष्म आंकडे एकमेकांत गुंततात व सर्व मिळून एकच पीस दिसूं लागतें. यास ते लोक ‘विवाह’ म्हणतात. आमच्या डबींतील एका पंखांत असे चार रंग जुळलेले आहेत, आणि भिंगानेंही सांधा दिसत नाहीं.

या माशांच्या गालावर बहुधा एक चमकदार पिवळट-पांढरा ठिपका असतो. हें पीस खरोखर आमच्या सह्याद्रीचें आहे. राखी रानकोंबड्याच्या मानेवरील पिसाचा दांडा टोंकाशीं पसरून शिंगासारखी गुळगुळीत चकती बनते. तीच माशाचा डोळा म्हणून शोभते. फ्रेंच प्रवासी सोनेरा याच्या नांवावरून तेमिंक यानें १८१३ सालीं या पक्ष्याचें नामकरण केलें. उत्तरेकडील तांबड्या रानकोंबड्याच्या मानेवर ही चकती नसते. कातडीं येथून जहाजांतून जात. आतां १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें त्याची शिकार व व्यापार निषिद्ध आहे.

आणि ‘भारतीय कावळा’? तो भारतीय नाहीं व कावळाही नाहीं. दक्षिण अमेरिकेंतील पायरोडेरस नांवाच्या फलाहारी पक्ष्याच्या गळ्याचें तें पीस. व्यापाऱ्यांच्या नांवांवर भूगोल बांधूं नये. अमेरिकेंतून आलेल्या चिंचेस आपण विलायती म्हणतोंच ना!

या पिसांचा मोह अद्याप ओसरलेला नाहीं. जून २००९ मध्यें इंग्लंडांतील ट्रिंग येथील संग्रहालयांतून २९९ पक्ष्यांचीं कातडीं चोरीस गेलीं. चोर माशा बांधण्यांत निष्णात असा वाद्यसंगीताचा तरुण विद्यार्थी होता. गेलेल्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेस यानें गोळा केलेले पक्षीही होते. १७४ कातडीं अखंड परत मिळालीं, परंतु त्यांपैकीं केवळ १०२ च्या पायांस चिठ्ठ्या होत्या. पक्षी कोठें व केव्हां मिळाला हें त्या चिठ्ठीवरच असतें. उरलेले ७२ पक्षी पाहावयास सुंदर आहेत. पण समाप्तिलेखाचें पान गेलेल्या पोथीसारखी त्यांची गत झाली.

येथें आमचा प्रमाद सांगणें प्राप्त आहे. डबी आली त्या दिवशीं वाळवी असावी या शंकेनें आम्हीं सर्व पिसें एका ताटांत काढिलीं, आणि तीन चिठ्ठ्या अगदीं कुरतडलेल्या म्हणून केरांत टाकिल्या. ‘भारतीय कावळ्या’ची चिठ्ठी केवळ तीवरील अक्षर मौजेचें वाटलें म्हणून वांचली. उरलेल्या पिसांपैकीं रानकोंबड्याचें ओळखतां आलें. दोन निळीं पिसें कोणाचीं हें आतां सांगवत नाहीं. स्नेह्यांस तसें लिहून कळविलें आहे. त्यांनीं उलट टपालीं केरसुणीविषयीं दोन शब्द लिहिले, ते येथें देत नाहीं. निळीं पिसें वेगळ्या लखोट्यांत घालून, त्यांवर सांपडल्याची तारीख व आमचें नांव घातलें आहे.