साझाए-सान: चार चौकटींतले घर

साझाए-सान ही चार चौकटींची हास्यचित्रमालिका २२ एप्रिल १९४६ रोजी फुकुओकातील ‘युकान फुकुनिची’ या सायंदैनिकात सुरू झाली. जपानच्या शरणागतीला तेव्हा आठच महिने झाले होते, आणि जपानी स्त्रियांनी सार्वत्रिक निवडणुकीत पहिल्यांदा मत दिले त्याला दोन आठवडेही उलटले नव्हते. चित्रकर्त्या माचिको हासेगावा २६ वर्षांच्या होत्या. ‘नोराकुरो’ या गाजलेल्या मालिकेचे जनक सुइहो तागावा यांच्याकडे त्यांनी उमेदवारी केली होती. साझाए, तिचा धाकटा भाऊ कात्सुओ, धाकटी बहीण वाकामे ही पात्रांची नावे समुद्रातील जीवांची आणि वनस्पतींची आहेत; ती हासेगावांना फुकुओकातील मोमोचीच्या किनाऱ्यावर सुचली.

१९४९ मध्ये मालिका ‘आसाही शिंबुन’मध्ये आली आणि देशभर पोहोचली. तिचे खरे बळ नायिकेत आहे. साझाए धांदरट, मोकळेपणाने हसणारी, मनात येईल ते बोलून टाकणारी; आदर्श सुनेच्या साच्यात ती बसत नाही. पती मासुओसह ती माहेरी राहते. मासुओ मात्र आपले आडनाव सोडत नाही, म्हणून त्याला रूढ अर्थाने घरजावई म्हणता येत नाही. आधी भाड्याच्या घरात असताना सरपणासाठी त्याने घरमालकाचे कुंपण कापले आणि बिऱ्हाड साझाएच्या माहेरी हलवावे लागले. त्या काळची जळणाची टंचाई एका विनोदात अशी उमटते. शिधावाटप, काळा बाजार आणि पुढे घरात येणारी नवी यंत्रे यांची नोंदही मालिकेत सहज होत जाते. युद्धोत्तर जपानच्या घरगुती इतिहासाचे इतके जिवंत साधन दुसरे क्वचितच असेल.

रोजच्या प्रसंगावर उभे राहण्याची किंमतही मालिकेने मोजली. अनेक विनोद त्या दिवसाच्या बातमीला बांधलेले असल्याने आज टिपांशिवाय कळत नाहीत. आजचा प्रसंग उद्यापर्यंत उरत नाही, त्यामुळे पात्रे बदलत नाहीत. कात्सुओ वर्षानुवर्षे प्राथमिक शाळेतच राहतो. सर्वांत खटकते ते हे की एवढी धीट साझाए असूनही स्वयंपाकघर बायकांकडे आणि कचेरी पुरुषांकडे, ही वाटणी फारशी हलत नाही.

५ ऑक्टोबर १९६९ पासून फुजी वाहिनीवर मालिकेचे ॲनिमेशन रूप सुरू झाले. सर्वाधिक काळ चाललेली ॲनिमेशन दूरचित्रवाणी मालिका म्हणून त्याची गिनेस नोंद आहे. पडद्यावर कुटुंब सुखवस्तू झाले. टंचाईची आणि सामाजिक टोमण्यांची धार मात्र बोथट झाली. वृत्तपत्रातील मालिका २१ फेब्रुवारी १९७४ रोजी थांबली. १९९२ मध्ये हासेगावा यांचे निधन झाले आणि त्यांना मरणोत्तर राष्ट्रीय सन्मान मिळाला. ज्याला साझाए समजून घ्यायची आहे, त्याने पडद्यावरून नव्हे, तर १९४६च्या त्या पहिल्या चित्रांपासूनच सुरुवात करावी.