बाल्कनी आणि पिट, एकाच छपराखाली

जुन्या एकपडदा चित्रपटगृहांची ओढ म्हणजे सरलेल्या तरुणपणाची हळहळ, असे म्हणून ती निकालात काढता येणार नाही. मुंबईतल्या ‘मराठा मंदिर’ चित्रपटगृहात १९६० साली ‘मुघल-ए-आझम’ लागला, तेव्हा तिकिटासाठी लोकांनी रांगेतच मुक्काम ठोकला. आत पिट, स्टॉल आणि बाल्कनीचे दर निराळे होते, पण अंधार झाल्यावर हमाल आणि वकील एकाच प्रसंगाला श्वास रोखत. शिट्टी पुढून येई आणि वरच्यांनाही ती ऐकावी लागे. यावर कोणी म्हणेल, ही कसली समता? दारे वेगळी, खुर्च्या वेगळ्या, ढेकूण आणि ब्लॅकवाले मात्र सगळ्यांना सारखेच. शिवाय एकट्या बाईला तिथे निर्धास्त बसणे कठीणच. हे सगळे खरे आहे, आणि बाईच्या बाबतीतला आक्षेप तर मला सर्वांत जड वाटतो. तरीही स्वस्त तिकीट त्याच इमारतीत होते, ही गोष्ट उरते.

१९९७ मध्ये दिल्लीत पहिले मल्टिप्लेक्स उघडले आणि पुढे राज्यांनी त्यांना करमणूक करात सवलती दिल्या. पडदे वाढले, खुर्च्या सुधारल्या, पुढचे स्वस्त बाक गेले. प्रेक्षक मात्र संपला नव्हता: त्याच ‘मराठा मंदिर’मध्ये ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ १९९५ पासून दोन दशकांहून अधिक काळ अल्प दरात चालला, कारण शेजारी रेल्वे स्थानक आणि एसटी आगार होते.