फुलपाखरांचं झुडूप

शिकागोला ऑनसाइट गेलेल्या माझ्या चुलतभावाचा परवा फोन. "अरे, हौसेनं बटरफ्लाय बुश लावलं होतं, थंडीत पार वाळलं. उपटून टाकू का?"

मी (गूगलबाबाच्या कृपेने) म्हटलं, थांब. तिकडच्या थंडीत वरच्या फांद्या मरतात, मुळं बहुधा जिवंत असतात. बर्फ सरला की फूटभर ठेवून छाट. फुलं त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर येतात.

मग उत्सुकतेपोटी या झुडपाचा इतिहास वाचत बसलो. शास्त्रीय नाव बडलिया, ॲडम बडल या इंग्लिश पाद्र्यावरून. हा 1715 मध्येच वारला, नाव दिलं लिनियसने 1753 मध्ये. म्हणजे बिचाऱ्याने स्वतःच्या नावाचं झाड पाहिलंही नसणार! बागेतलं जांभळं बडलिया मूळ चीनच्या डोंगरातलं. फ्रेंच मिशनरी आर्मां दाविदमुळे ते युरोपला कळलं आणि 1890 च्या दशकात इंग्लंडच्या बागांत आलं. 1940-41 च्या बॉम्बहल्ल्यांनंतर लंडनच्या ढिगाऱ्यांवर तेच माजलं. आज अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात त्याच्या बी धरणाऱ्या जाती विकायला बंदी आहे.

हे वाचताना मला एकदम आमची घाणेरी आठवली.

मी भोरचा. आत्या वेल्ह्याकडे, तोरण्याच्या पायथ्याशी राहते (आता तालुक्याचं नाव राजगड). लहानपणी भोरहून तिच्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला घाणेरीची गुलाबी-पिवळी फुलं आणि त्यांवर फुलपाखरंच फुलपाखरं! मला ते रानच वाटायचं, शिवरायांच्या काळापासूनचं. पण नाही. घाणेरी मूळची अमेरिका खंडातली. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात ती शोभेसाठी आणली. नंतर कुंपणांना लावली, बुलबुलांनी फळं खाऊन बिया डोंगरभर नेल्या. टेस्टिंग न करता लाइव्ह केलेलं सॉफ्टवेअर, आणि रोलबॅकची सोय नाही.

आत्याकडे या कौतुकाला जागा नव्हती. "फुलं बघ नि गप बस," ती म्हणायची, "गुरानं पाला खाल्ला तर जातं ते." तिची एक गाय तशीच गेली. घाणेरीच्या पाल्याने गुरांचं यकृत निकामी होतं, हे मला फार उशिरा कळलं. शिवाय ती वाढते तिथे खाली गवत उगवू देत नाही. म्हणजे चराईही गेली.

आणि फुलपाखरांचं काय? मध मिळतो, पण तो मोठ्यांना. अळीला पानं लागतात, आणि घाणेरीची पानं आपल्याकडच्या फुलपाखरांच्या अळ्या सहसा खात नाहीत. 2015 मध्ये महाराष्ट्राने ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू केलं. त्याची मादी अंडी घालते लिंबाच्या जातीच्या झाडांवर. रुईवर प्लेन टायगर, कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मन. म्हणजे पाहुण्यांना सरबत देणं वेगळं आणि पोरं वाढवणं वेगळं.

असो. गेल्या शनिवारी भोरला घरामागे लिंबू आणि कढीपत्ता लावला. आईला बजावलं, अळ्या दिसल्या तरी फवारायचं नाही.

"मग आमटीत काय घालू?"

प्रश्न रास्त आहे. पुढच्या शनिवारी कढीपत्त्याचं दुसरं रोप नेतोय.